खिडकीतल्या अँटेनाचा छळ

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या आमच्या संशोधन संस्थेत गेल्या जानेवारीत एका अँटेनाचा पद्धतशीर छळ झाला. अँटेना माझी होती आणि संशयित आमच्याच खोलीत बसत होता.

अँटेना म्हणजे छपरावरची काडी नव्हे. मऊ सिलिकोनच्या पट्टीत एक बारीक नळी आणि नळीत पाऱ्यासारखा पातळ धातू. छोट्या पंपाने धातू पुढे ढकलला की अँटेना लांब होते, मागे ओढला की आखूड. लांबी बदलली की वेगळी लहर पकडते. ती बघायला स्टुटगार्टहून मोटार कंपनीवाले येणार होते. त्यांना पटली तर माझं कंत्राट वाढणार, नाहीतर पन्नाशीला टेकलेला मी बायकोसह पुण्याच्या वाटेला.

आणि ही बया रोज सकाळी हटून बसायची. धातू जागचा हलत नसे. दुपारी मात्र साळसूदपणे चालायची. हा धातू पंधरा अंशांच्या आसपास गोठतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर संध्याकाळी निघताना मी तिची डबी खिडकीच्या कट्ट्यावर, बरोबर हीटरच्या वर ठेवायचो आणि हीटरची चकती पाचावर, म्हणजे पूर्ण, फिरवून जायचो. थंडीचा प्रश्न मिटला होता. उरला माणूस.

शेजारच्या टेबलावरचा जर्मन सहकारी सगळ्यांच्या आधी यायचा आणि मला जरा जास्तच गोड आवाजात 'मॉर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणायचा. मी डबीवर चिवड्यातला एक कुरमुरा ठेवून पाहिला. सकाळी कुरमुरा जमिनीवर. घरी बायकोला हा पुरावा सादर केला.

"अहो, कुरमुऱ्यावरून कुणाला फासावर चढवताय?" ती म्हणाली.

पाहुणे यायच्या दिवशी मी त्याच्याही आधी पोहोचलो आणि कोट अडकवायच्या स्टँडमागे उभा राहिलो. तो आला. हीटरला हात लावून त्याने खेदाने मान हलवली, चकती शून्यावर आणली. इकडेतिकडे पाहिलं. मग माझी डबी दोन्ही हातांनी उचलली. मी श्वास रोखला. त्याने ती कट्ट्याच्या कोपऱ्यात अलगद सरकवली आणि खिडक्या सताड उघडल्या. बाहेर बर्फ! खोलीला सकाळची ताजी हवा दिल्याशिवाय हा गृहस्थ कामाला लागतच नसे. रोज थोड्या वेळाने खिडक्या बंद, हीटर पुन्हा चालू, डबी जागेवर, आणि उशिरा उगवणाऱ्या मला कशाचा पत्ता नाही.

डबी स्वेटरच्या आत घालून मी तिला ऊब दिली. दुपारी मोटारवाल्यांसमोर ती झकास चालली, कंत्राटही वाढलं. पण ते नंतर. त्या क्षणी मी कोट बाजूला सारून नाटकातल्या फौजदारासारखा प्रकटलो आणि त्याला सुनावलं की धातू गोठतो, म्हणूनच तर मी रोज हीटर पाचावर ठेवून जातो.

तो दचकला, मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. महिनाभर तोही खोलीतल्या प्रत्येकावर पाळत ठेवून होता.

"आल्झो, म्हणजे रात्रभर हीटर तापवत ठेवणारे तुम्हीच!"