आधी खाकरावं, मग विचारावं

आमच्या फुवांनी उभ्या जन्मात परवानगी न विचारता एकच गोष्ट केली असेल, ती म्हणजे जन्माला येणं. आणि त्याबद्दलही त्यांना शेवटपर्यंत अवघडल्यासारखं वाटत असावं. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही खानदेशी लोक आत्याला फुई म्हणतो. सुरतेतल्या उधन्याच्या मिलमधून निवृत्त होऊन ते नवागामच्या दोन खोल्यांत राहत, आणि त्या स्वतःच्या खोल्यांतही खाकरल्याशिवाय शिरत नसत. "बाया बठेल ऱ्हातस, खाकरीसन जावानं," हा त्यांचा दंडक. मग आत फुई एकटीच लसूण सोलत बसलेली का असेना! आंबेवाल्याला ते "जरा दाबी देखू का?" असं विचारत, तो 'नाही' म्हणाला की न दाबताच आंबे आणत, आणि मग फुई त्यांना फैलावर घेई. खुर्चीत मांजर झोपलं असलं तर हा भला माणूस उभ्यानं पेपर वाची. विचारणारे जगात पुष्कळ असतात. 'नाही' ऐकून तोंड वाकडं न करणारे मी तेवढे एकच पाहिले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते. इंटरनेट नुकतंच आलेलं. गाव सोडून लांब गेलेल्या खानदेशी बायकांचा एक ई-मेलचा गट होता. कुणी मस्कतला, कुणी पुण्याला. इंग्रजी अक्षरांत अहिराणी लिहून सासूपासून सांडग्यांपर्यंत सगळं बोलत. मला प्रबंधासाठी त्यांच्या मुलाखती हव्या होत्या. पण पूर्वी कुणीतरी गुपचूप शिरून त्यांचं बोलणं छापून टाकलं होतं, त्यामुळे त्या नवख्याला दारात उभं करत नसत. त्यांनी एकदा नको म्हटलं की माझा प्रबंध बुडालाच.

"थोडे दिवस गप्प बसून वाचते," मी फुवांना म्हणाले.

फुवा ताडकन उठले. "दारआड उभं राहीसन ऐकशी? पहिले खाकर!"

म्हणजे पहिल्याच ओळीत मी कोण, कशाला आले, लिहिलेलं कोण वाचणार आणि नको असेल तर परत जाईन, हे सांगायचं. ते लिहायला आम्ही सायबर कॅफेत गेलो. फुवांनी चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरसमोर बसले आणि दणदणीत खाकरले. सुरतेला प्लेगचा विसर पडला नव्हता. शेजारच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. मालक हात जोडून म्हणाला, "काका, तबियत सारी नथी तो घेर आराम करो ने!"

काही दिवसांनी मस्कतच्या एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं, 'बोलेन. पण मध्येच नको म्हटलं तर?'

त्याची तालीम फुवांनी घरीच घेतली. फुईचं लुगडं डोक्यावरून ओढून ते खाटेवर बसले. "मी मस्कतनी बाई शे. विचार." फुईची हसून मुरकुंडी वळली. मी वही उघडून विचारलं, "गाव सोडताना मागे काय राहिलं?" आधी त्यांनी थट्टा केली. मग हळूहळू काहीतरी सांगू लागले, आणि फुईचं हसणं थांबलं. ते मस्कतच्या बाईचं नव्हतं. मी भराभर लिहीत गेले. तसं बोलणं मला पुढे कुठल्याच मुलाखतीत मिळालं नाही.

संपल्यावर त्यांनी पदर खाली घेतला. "पोरी, हाई लिखू नको."

मी पान फाडून त्यांच्या हातावर ठेवलं. जिवावर आलं होतं.

"आते तू तयार व्हयनी," फुवा म्हणाले.

मस्कतच्या बाईही खरंच मध्ये थांबल्या, 'हे नको' म्हणाल्या. मी ते सोडून दिलं. "जीव त्यातच होता," म्हणून आमचे सर कुरकुरले. पण त्या बाईंनीच मग गटात लिहिलं, 'पोरगी विश्वासाची आहे,' आणि एकेक जण आपणहून बोलू लागली. माझा प्रबंध झाला तो त्यांच्यामुळे आणि फुवांच्या खाकरण्यामुळे. पुढची सगळी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारूनच पोट भरलं, आणि ते विचारणं मला फुवांनी शिकवलं. हे ऋण फेडायचं नाही, नुसतं सांगायचं.

तालमीच्या त्या संध्याकाळी फुवा काय बोलले, ते फुई आणि मी कधी एकमेकींपाशीही काढलं नाही. ते शेवटचे आजारी असताना मी दारात खाकरले, जवळ जाऊन विचारलं, "फुवा, तुमच्यावर लिहू का?"

"लिख. पन नाव नको टाकू."

म्हणून इथे वरपासून खालपर्यंत नुसते फुवाच आहेत. नाव फार गोड होतं हो त्यांचं.