चांगुणाआत्याचे जोडीदार

चांगुणाआत्या खांद्यावर पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि ते फेकायचीच नाही. शेजारचे पुरुष चार-चारदा पाग फेकून मोकळे व्हायचे. हिचे डोळे आपले खाडीच्या तोंडाकडे. वाशीचा पूल नवा होता, तेव्हा बेलापूरपलीकडच्या या खाडीकाठच्या गावात मी शिक्षिका म्हणून आले आणि तिच्या घराची एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच रविवारी न राहवून विचारलं, "आत्या, कुणाची वाट बघताय?"

"जोडीदारांची. गप उभी राहा, मास्तरीनबाय."

थोड्या वेळानं पाण्यावर करड्या पाठी दिसल्या. डॉल्फिन! ते बोय माशांचा थवा उथळाकडे रेटत आले. एकानं डोकं वर काढून पाण्यावर आपटलं आणि त्याच क्षणी आत्याचा पाग गोल उघडून पडला. जाळ्यातून निसटलेले मासे बावरून मागं वळले, ते थेट डॉल्फिनांच्या तोंडात.

"ती हाकलतान, मी कोंडतंय," आत्या म्हणाली. "दोघांचा पोट भरतं. पन त्यांनी सांगितल्याबिगर फेकायचा नाय."

गावातली दुसरी कुठलीच बाई पाग फेकत नव्हती. नवरा गेल्यावर हिनं त्याचा पाग उचलला, तेव्हा लोक हसले होते. "हसून झाला का मासं घेवाला या," एवढंच ती म्हणाली होती.

पुढं गावाच्या भातजमिनी नव्या शहरासाठी गेल्या. खाडीत भराव पडला, मासळी आटली. आत्याचा भाचा जयराम, तिच्या भावाचा मुलगा, मेहनती आणि दोन लेकरांचा बाप. त्यानं नायलॉनचं मोठं जाळं आणलं आणि खांब रोवून खाडीच्या तोंडावर आडवं बांधलं. "आते, जोडीदारांची वाट बघत बसलो तं पोरा उपाशी मरतील," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

शिमग्याच्या आधी एका सकाळी बायका ओरडत आल्या. जाळ्यात डॉल्फिनचं पिल्लू अडकलं होतं. श्वास घ्यायला त्याला वर येता येत नव्हतं आणि मोठे दोन बाहेरून घिरट्या घालत होते. आत्या कोयता घेऊन छातीभर पाण्यात शिरली.

"आते, कापू नको! नवा जालं हाय!" जयराम बांधावरून ओरडला.

"जालं परत विनता येल!"

तिनं सपासप जाळं कापलं. पिल्लू सुटलं. आत्या वर आली तेव्हा तिचा तळहात फाटला होता आणि जयराम डोक्याला हात लावून बसला होता.

संध्याकाळी देवळापुढं गाव बसलं. जयराम म्हणाला, "माज्या मेहनतीचा न्याय करा." पंचांनी आत्याला विचारलं.

"मीच कापला. दंड सांगा."

दंड ठरला: सगळं जाळं तिनं स्वतःच्या हातानं विणून द्यायचं आणि ते पुरं होईपर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

"विनीन," ती उठून म्हणाली. "पन दिवाली ते शिमगा, ती येतान तवर, खाडीचा तोंड मोकला ठेवा. तुमचं बाप-आजं यांच्या संगतीनं जगलं. आपली शेता गेली तवा आपल्याला कुनी विचारला नाय, म्हनून आपन रडतो. मग यांची वाट आपन कशी बंद करायची?"

कुणी हो म्हणालं नाही. जयराम तर उठूनच गेला.

दुसऱ्या दिवसापासून आत्या जाळं काखेत मारून एकेका घराच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. तिथंच विणायचं, तिथंच बोलायचं. घरधनी शब्द देईपर्यंत उठायचं नाही. पावसात छपराच्या वळचणीला बसली. काही जण चिडले, एकीनं तर तोंडावर दार लावलं. "लाव, मी हितंच हाय," म्हणत ही विणत राहिली. बोटं सुजली की माझ्याकडून हळद-तेल लावून घ्यायची. "आत्या, पुरे करा आता," मी म्हणायची. "पुरा कसा करू? अजून अर्धी वाडी रायली हाय."

जयरामचं घर तिनं शेवटी ठेवलं. त्याच्या ओट्यावर शेवटची गाठ मारली आणि जाळं त्याच्या मांडीवर ठेवलं. "माजा दंड फिटला. आता तुजा बोल दे."

जयराम बराच वेळ जाळं चाचपत होता. वीण त्याच्या कापलेल्या जाळ्यापेक्षा घट्ट होती. "शिमगा झाल्यावर बांधीन, आते," तो हळूच म्हणाला.

त्या हिवाळ्यात डॉल्फिन आले, पण उशिरा आणि थोडे. नंतर कारखान्यांचं पाणी वाढलं, तसे आणखी कमी झाले. आत्या मात्र दर हिवाळ्यात पाण्यात उभी राहिली. ऐंशीचं दशक सरता सरता ती तापानं गेली.

तोवर माझी बदली झाली होती; त्यानंतरच्या दिवाळीत मी गावात गेले. कुणीतरी खाडीच्या तोंडावर जाळं बांधलं होतं आणि जयराम कमरेइतक्या चिखलात उभा राहून ते सोडत होता. डॉल्फिन गेल्या हिवाळ्यात एकदाही फिरकले नव्हते. मी म्हटलं, "जयराम, आत्या तर आता नाही. कुणासाठी?"

त्यानं खांब उपटला आणि बांधावर टाकला.

"बोल आतेला दिलता, मास्तरीनबाय. पन वाट त्यांची हाय."