अठरा मार्कांचं ऑफिस

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत वर्षातून एकदा निकाल लागायचा, आणि त्यात नापास झालेली सगळी सरकारी ऑफिसं असायची. निकाल लावणारे आमचे भूगोलाचे सर. मला शाळेत त्यांनीच शिकवलं, आणि पुढे राहायलाही समोरच आले. जगातल्या देशांची ती भ्रष्टाचाराची यादी पेपरात छापून आली, की त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या फाटकावरच्या काळ्या फळ्यावर नागपूरची यादी लागे. शंभर म्हणजे अगदी स्वच्छ, शून्य म्हणजे विचारूच नका.

सर रिटायर झाल्यावर गल्लीतल्या लोकांबरोबर ऑफिसांत जाऊ लागले. कुणाचा फेरफार, कुणाची पेन्शन, कुणाचं मीटर. एकट्याला भीती वाटते म्हणून लोक त्यांना सोबत नेत. सर आत काही बोलत नसत. बाहेरच्या बाकावर बसून, काम आटपून येणाऱ्याला एवढंच विचारत, "आत जाताना पोटात कसं वाटलं? शंभरपैकी किती देता?" माणूस चक्रावून जाई, पण मार्क देई. सर ते वहीत टिपून घेत.

देशांची यादी म्हणजे त्यांचा सण. पहिला कोण, शेवटचा कोण, आपण कितवे, हे ते गल्लीला वाचून दाखवत. एकदा आपला नंबर वर गेला म्हणून कुणीतरी टाळी वाजवली, तर सर खेकसले. "नंबर काहून पाहता? मार्क पाहा. शेजारचा घसरला म्हणून आपण वर गेलो, त्यात आपली काय हुशारी?" आमच्या घरमालकांना ही यादीच मान्य नव्हती. लोकांच्या वाटण्यावर कुठे देशाची परीक्षा होते का, असं त्यांचं म्हणणं. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "लाच घेणारा पावती देते काय गा? मग मोजशील कशी? मनातलंच विचारा लागते. माहं भांडण दुसरंच आहे. ते लोक व्यापाऱ्यायले विचारतात, तज्ज्ञायले विचारतात. रांगेतल्या बाईले कोण विचारते?"

रांगेतल्या बाईला सर विचारत होते, आणि एका वर्षी ते मला भोवलं. फळ्यावर सर्वांत खाली माझं ऑफिस होतं. शंभरपैकी अठरा. कोणतं ऑफिस ते सांगत नाही. दाखले देतं, एवढं पुरे. मी तिथे चौथ्या टेबलावर. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा माझ्या गाडीमागे "अठरा, अठरा" ओरडायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाचा अर्धा कप चहा घेतला नव्हता, आणि हे माझ्याच दारासमोर माझ्या अब्रूचे धिंडवडे!

मी तरातरा समोर गेले आणि नाही नाही ते बोलले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू घेत नाहीस, हे मले माहीत आहे वं शोभा. बाकावर बसलेल्याले माहीत आहे काय? उद्या सुट्टी टाक अन् चल माह्यासंगं."

मी हट्टाने गेले. आपल्याकडे गाडीवरच्या बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, डोळे तेवढे दिसतात. तसाच स्कार्फ मी बांधला आणि माझ्याच ऑफिसबाहेर सरांच्या शेजारी बसले. दोन सहकारी समोरून गेले, ओळखलं नाही. थोड्या वेळाने पलीकडे एक म्हातारी येऊन बसली, नवरा रांगेत होता. नातीच्या ॲडमिशनसाठी दाखला हवा होता आणि मुदत दोनच दिवसांची उरली होती. ती माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली,

"बाई, तुमचं झालं काय काम? त्या चवथ्या टेबलाच्या मॅडमले किती द्या लागते वं?"

माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. कसंबसं विचारलं, "त्यांनी मागितले का?"

"मागाले कायले पाह्यजे? तीन खेपा झाल्या. मान वर करत नाही, मोठ्यानं वसकते. अन् ड्रॉवर सदा अर्धा उघडा. आपल्याले समजत नाही काय, कायसाठी उघडा ठेवला ते?"

देवा रे! तो ड्रॉवर! लाकूड फुगलेलं, एकदा बंद केला की उघडायला शिपायाला बोलवावं लागे. शिक्का आत असायचा, म्हणून मी तो कायम उघडाच ठेवत होते. आणि वर्षानुवर्षं माणसं समोर उभी राहून त्या फटीकडे बघत होती.

मी स्कार्फ सोडला आणि म्हणाले, "आजी, चौथ्या टेबलाची बाई मीच." वाटलं होतं, ती लाजेल, हसेल. ती घाबरली. उठून तिने चक्क माझे पाय धरले. "चुकलं माय, पोरीचं काम अडवू नको." माझ्या आईच्या वयाची बाई. त्या क्षणी जमीन दुभंगती तर बरं झालं असतं. तिला उठवलं, हाताला धरून आत नेलं, सुट्टीवर असताना टेबलावर बसले आणि साहेबांची सही घेऊन दुपारच्या आत दाखला तिच्या हातात दिला. जातानाही ती माझ्याकडे संशयानेच पाहत होती.

परतताना टपरीवर चहा घेतला. मला रडू आवरेना. "सर, मी चोर नाही हो."

"नाहीच आहेस. पण ते बाई तीन डाव घाबरत आली अन् घाबरत गेली, ते तर खरं आहे ना? ते कुठं लिहू मी?"

त्याच आठवड्यात मी पदरच्या पैशांनी सुतार लावून ड्रॉवर तासून घेतला. शिक्का टेबलावर सर्वांसमोर ठेवला. कधी यायचं ती तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायला लागले. मान वर करून बोलायची सवय लावायला मात्र फार जड गेलं, खोटं कशाला सांगू? पुढच्या वर्षी मोठ्या उमेदीने फळ्यापाशी गेले, तर अठराचे एकवीस! मी पुन्हा भांडले. सर शांतपणे म्हणाले, "एका टेबलानं आणखी किती होईन वं?" त्यांच्या हातून फुकटचा अर्धा मार्कही कधी सुटला नाही.

गेल्या हिवाळ्यात सर अंथरुणाला खिळले. सांजवेळी मी जाऊन बसायची, पेपर वाचून दाखवायची. देशांची यादी आली तेव्हा तीही वाचली. त्यांनी आपले मार्क विचारले, नंबर नाही. फळ्यावर लिहायला त्या वर्षी कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, ऑफिसचं जाऊ द्या. मला एकटीला किती द्याल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत केवढी माया होती! मला वाटलं, आता तरी देतील.

"मी कसा देऊ? तू तर मले चहा पाजून राहिली, पेपर वाचून राहिली. ओळखीच्यायचे मार्क धरत नसतात, पोरी."

आठ दिवसांनी सर गेले. मला त्यांचा राग आला, आजही येतो. आयुष्यभर ज्यांच्याकडून पास व्हायचं होतं, त्यांनी पेपर कोराच परत केला. आता रिटायर व्हायला मला दोन वर्षं आहेत. माझे मार्क कुणाला तरी माहीत आहेत. पण ती माणसं दाखला घडी करून पिशवीत ठेवतात आणि जिना उतरून निघून जातात, आणि बाहेरच्या बाकावर त्यांना विचारणारं कुणी नाही.