कपाटामागची भिंत

“वरवर पुसून काय व्हतंय, सर? मागं बघा.” असं म्हणत मावशी कपाट आणि भिंतीच्या फटीत हात घालायच्या, बोटं बाहेर काढून नाकाशी धरायच्या आणि मग माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू ओल मीच तिथं नेऊन ओतली असावी.

वालूरच्या बाजूच्या एका शाळेत मी लिपिक होतो आणि त्या शिपाई. वर्षातून दोनदाच कुलूप निघतं, अशी एक खोली तुम्हीही कुठल्या ना कुठल्या शाळेत पाहिली असेल. आमच्याकडे ती जुन्या दप्तराची. निजामाच्या काळापासूनची प्रवेश-निर्गम रजिस्टरं तिथल्या लोखंडी कपाटांत होती. मावशी मात्र ती खोली दर शनिवारी उघडायच्या. ऊन असलं की दोन्ही खिडक्या सताड, आणि आभाळ आलं की कुणी सांगूनही नाही. “बाहीर दमट हाय. आज उघडली तर ओल आत यील.”

एका पावसाळ्यात तिसऱ्या कपाटामागे सुपाएवढा काळा-हिरवा डाग निघाला. मुख्याध्यापक म्हणाले, “चुना मारून घ्या. कोण बघतंय तिथं?”

गवंडी बादली घेऊन आलासुद्धा. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“न्हाई मारायचा. पाणी कुठून यायलंय ते आदी सापडू द्या. चुन्याखाली बुरशी वाढतच ऱ्हाईल.”

“मावशी, बाजूला व्हा.”

“मी हटत न्हाई, मोठे सर.”

सर रागानं निघून गेले. मावशींनी मला गच्चीवर पिटाळलं. पाणी जायच्या पाइपात कडुलिंबाचा पाला आणि मुलांचा एक रबरी चेंडू अडकला होता. तुंबलेलं पाणी चिरेतून भिंतीत झिरपत होतं. मावशींनी स्वतः हात घालून पाइप मोकळा केला, गवंड्याकडून चीर बुजवून घेतली. भिंत पुरती वाळेपर्यंत तीन आठवडे चुन्याची बादली खोलीच्या आत येऊ दिली नाही. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढली, खाली विटा दिल्या. मग नाकाला पदर बांधून व्हरांड्याच्या सावलीत एकेक रजिस्टर पसरलं आणि कोरड्या ब्रशनं पान न् पान झाडायला बसल्या. खालच्या कप्प्यातल्या सहा रजिस्टरांची पुठ्ठ्याची कव्हरं हातातच गळून आली.

“एवढा जीव कशाला काढता?” मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. “माझ्या पोराचं अ‍ॅडमिशन गेलं, सर. त्याच्या आज्याचं नाव दुसऱ्या गावच्या शाळेत व्हतं. आमी गेलो तर रजिस्टरचा नुसता लगदा. पानाला पान चिकटल्यालं. साहेब म्हणले, जातीचा पुरावा न्हाई. नाव व्हतं सर. बुरशीनं खाल्लं.”

 दुसऱ्या दिवशी मी घरून एक ब्रश घेऊन आलो.

दोन वर्षांनी एक मुलगी वडिलांना घेऊन कचेरीत आली. नर्सिंगला जायचं होतं. जात वैधता प्रमाणपत्रासाठी पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा होता आणि अर्जाला चारच दिवस उरले होते. नोंद त्या सहांतल्याच एका रजिस्टरात निघाली. पानाचा कोपरा गेलेला, कडेला तपकिरी डाग, पण नाव आणि जात स्वच्छ. मुलीनं ते पुटपुटत वाचलं.

“मोठ्यानं वाच की, बाळा,” दारातून मावशी म्हणाल्या.

तिनं वाचलं.

“पुन्ना.”

तिनं पुन्हा वाचलं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. मुलीचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्याच उन्हाळ्यात मावशी निवृत्त झाल्या आणि परभणीच्या पुढं पूर्णेला मुलाकडं राहायला गेल्या. तिथं स्टेशनाजवळ त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाऊस सुरू झाल्यावर ती मुलगी पुन्हा शाळेत आली, या वेळी एकटीच, हातात वैधता प्रमाणपत्र घेऊन. मावशी नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

“फोटो पाठव ना फोनवर,” मी म्हणालो. “मुलाचा नंबर आहे माझ्याकडं.”

“न्हाई सर. हातात द्यायचंय त्यांच्या.”

मी कागदावर पत्ता लिहून दिला. तिनं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ओढणीखाली छातीशी धरलं आणि परभणीच्या बसमागं पळत सुटली.