सोनूबाईची दोन हात फरशी

दादरच्या मासळी बाजारात माझ्या बाजूची दोन हात फरशी सोनूबाईची. तिच्याआधी तिची सासू तिथंच बसायची. कागदपत्र काय नाय. आमच्या ओळीचा नेम एकच. नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात गेल्या, की त्या दिवसाची भवानी जिनं आपल्या हातानं केली, तिची जागा वर्षभर.

सासूला अर्धांग झालं. मुलगा तुळशीदास होडीवर, मग म्हातारीचं हागणं-मुतणं कोण काढणार? सून! आणि त्याला कोण काम म्हणत नाय, म्हणतात घरीच तर असते. जळ्ळं मेलं लोकांचं तोंड. त्यातच नणंद गुणवंती विधवा होऊन दोन पोरी घेऊन माहेरी आली. सोनूबाईनं तिला आपल्या जागेवर बसवली.

पुनव जवळ आली तशी मी माहीमला सोनूबाईच्या घरी जाऊन सांगितलं, बाय गो, घटकाभर ये, एक पापलेट वीक नि जा परत. तर म्हणते, मी आले तर गुणवंतीला वाटेल भावजयीचा भरवसा नाय, आत्ताच कुंकू पुसलंय तिचं. नाय आली ती.

शिमग्याला म्हातारी गेली. दिवस झाल्यावर सोनूबाई टोपली घेऊन बाजारात हजर. रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, मुंबई आमची म्हणून आम्हीही सकाळी घसे फोडून आलेल्या. गुणवंती जागची हलली नाय. वाईट नव्हती हो ती, डोळे भरले होते तिचे.

"वैनी, तुला नवरा हाय. माझ्या पोरींना ही फरशीच हाय," ती म्हणाली.

ओळीनं नेम दाखवला, पुनवेची भवानी गुणवंतीच्या हातची. मी भांड भांड भांडले, पण मीच सांगितलेला नेम कुठल्या तोंडानं मोडू?

तुळशीदास म्हणाला, बरं झालं, आता घरात सुखानं बस. सुखानं म्हणे! लुगड्याला पण नवऱ्यापुढं हात पसरायचा. ती टोपली घेऊन हिंदमाता, परळ दारोदार फिरायला लागली.

एकदा माझ्यापाशी टेकली. मी गुणवंतीच्या नावानं बोटं मोडली, तिनं अडवलं.

"तिला बसवलं ते बरोबरच केलं. पण जागा मला पण हवी हाय, येवढं बोलायची लाज वाटली गो मला. अजून मनाला लागतं."

टोपली डोक्यावर द्यायला गुणवंतीच उठून आली. तेवढा वेळ जागा मोकळी होती. सोनूबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाय.