मावशींच्या भाताची राखण

मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला लागलो त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या वर्षी मी वेळापत्रक केलं, चार रंगांच्या पेनांनी. दुसऱ्या वर्षी ते फाडून टाकलं, कारण मुलांनी धडे गिरवण्यापेक्षा स्वतःच्या डोक्यातून काहीतरी घडवावं, त्यातूनच गणित आणि विज्ञान येतं, असं माझं मत झालं होतं. माझं मत झालं की मी ते भेटेल त्याला सांगतो. मुळशीतल्या आमच्या वाडीतली माणसं त्या दिवसांत आमच्या फाटकापुढून जरा भराभर चालायची.

त्यामुळे गेल्या दसऱ्यानंतर शेजारच्या मावशी फाटकाशी थांबल्या तेव्हाच कळलं, काहीतरी अडलंय. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिच्याकडे पौडला जायला हवं होतं. इकडे खाचरातलं भात दुधात आलेलं. दाणा दुधात असला की पाखरांचे थवे उतरतात, लोंबी चोखतात आणि मागे नुसती फोलं ठेवतात. त्या एवढ्याशा खाचरावर मावशी वर्षभर जेवतात. दुसरी जमीन नाही.

“धा-बारा दिस कुनीतरी राखाय पायजे,” त्या म्हणाल्या. “बाकी समद्यांची आपापली खाचरं हायेत. तुमची पोरं शाळंत न्हाई जात, म्हून इचारलं.”

मुलगी तेरा वर्षांची, मुलगा दहाचा. दोघं एका सुरात हो म्हणाली. मी म्हणालो, “मावशी, हा उत्तम प्रकल्प आहे.”

“परकल्प नका करू, दादा. नुसती पाखरं हाका.”

मुलांनी बुजगावणं केलं. अंगात माझा ऑफिसचा निळा शर्ट, डोक्यावर माझी टोपी. पोटात पेंढा जरा जास्त झालाय, असं मी म्हणालो. मुलगी म्हणाली, “बाबा, माप तुझंच घेतलंय.” दोन दिवस पाखरं बिचकली. तिसऱ्या दिवशी मुनिया त्याच्या खांद्यावर बसून पोट भरायला लागल्या. वाटेने जाणाऱ्या एका आजोबांनी त्याला राम राम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून माझ्या बायकोकडे तक्रार केली. ती म्हणाली, “घरात पण असंच असतं.”

मग मुलांनी तेलाचे रिकामे डबे आणले, त्यांत खडे घातले, खाचरावरून दोरी ताणली आणि तिचं टोक आमच्या ओसरीपर्यंत आणलं. ओढली की सहा डबे एकदम खडखडायचे. यंत्र खरोखर चांगलं होतं. फक्त ते ओढायला कोणीतरी लागत होतं. मुलं पुढचं यंत्र करण्यात गुंतलेली, बायको हिंजवडीला कामावर. माझी निवड झाली.

उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत मी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचो. मी पद्धतशीर माणूस आहे. मोबाईलवर दर दहा मिनिटांनी वाजेल असा गजर लावला. वाजला की तीन हिसके. मधल्या वेळात मुलं या प्रकल्पातून काय काय शिकली ते वहीत लिहायचो.

चार दिवसांनी मुलगी बांधावरून धावत आली. “बाबा, वरचा कोपरा गेला.”

“शक्यच नाही. मी एकही गजर चुकवलेला नाही.”

“तेच तर! तू तास घेतोयस. डबे वाजले की ती आंब्यावर जाऊन बसतात, वाजायचे थांबले की उतरतात. मग नऊ मिनिटं त्यांची मधली सुट्टी. पाठ झालंय त्यांना.”

मी जाऊन पाहिलं. भरलेली लोंबी वाकते. आंब्याखालच्या लोंब्या ताठ उभ्या होत्या. मला बरं वाटावं म्हणून मुलगा म्हणाला, “पाखरं पण हुशार आहेत, बाबा.” हे मी वहीत लिहिलं नाही.

मोबाईल जप्त झाला. मुलाने सापशिडीचा फासा आणून दिला. जो आकडा पडेल तितक्या वेळा साठ मोजायचे आणि ओढायचं. लागोपाठ एक पडला की धाप लागायची. उरलेले दिवस मी असे काढले.

मावशी परतल्या त्या पिशवी हातात घेऊनच खाचरावर आल्या. लेकीला मुलगी झाली होती. त्यांनी पाहायच्या आधीच मी ओसरीवरून सांगून टाकलं, “मावशी, वरचा कोपरा माझ्यामुळे गेला.”

त्यांनी पिशवी बांधावर ठेवली. बांधाबांधाने सगळं खाचर फिरल्या. एक लोंबी वाकवली, दाणा दाताखाली धरला. एवढा वेळ गप्प मी आयुष्यात कधी राहिलो नव्हतो.

“श्रावणापातुर पुरंल,” त्या ओसरीशी येऊन म्हणाल्या. “फुडं दिवाळीपातुर इकतचा.”

“तेवढा तांदूळ आम्ही आणून देतो.”

“इकतचा मीबी आनीन की.” मग सूर जरा उतरला. “बाकीचं तर ऱ्हायलं. अजून आठ दिस हायेत. तुमी उठा आता, दादा. पोरीला बसू द्या.”

मी उठलो. मुलगी खुर्चीत बसली, मावशी शेजारी पायरीवर टेकल्या. नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगता सांगता त्या मध्येच, वाक्य अर्धं असताना, दोरीला हिसका द्यायच्या आणि पुन्हा नाकावर यायच्या. आंब्यावरची पाखरं खाली उतरेनात.