केसरीनाथ नाना आणि खळ्यावरचे वाचनालय

शेलारला जिथे आज वाचनालय उभे आहे, तिथे पूर्वी केसरीनाथ पाटलांच्या घराचे खळे होते. भात झोडायचे, पेंढा रचायचा, आणि सुगी आटोपली की त्याच सारवलेल्या जमिनीवर घरातली लग्ने लावायची, असा त्या जागेचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. पुढे गावात यंत्रमाग आले. झोडणीला माणसे मिळेनाशी झाली आणि खळे रिकामे राहू लागले. तेव्हा केसरीनाथ आणि त्यांची थोरली बहीण धोंडूबाई यांनी ती जागा वाचनालयासाठी दिली. दानपत्रावर त्यांची सही आहे आणि बहिणीचा अंगठा.

सार्वजनिक वाचनालय ही आपल्याकडची एक विलक्षण संस्था आहे. शासन तिला मान्यता देते, अनुदान देते, तपासणीसाठी अधिकारी पाठवते. परंतु प्रत्यक्षात ती चालवते ते गावातल्या काही माणसांचे कार्यकारी मंडळ. या माणसांना कामाचा मोबदला नसतो. मोबदला नाही म्हणून त्यांना कोणी जाबही विचारत नाही. फुकट काम करणाऱ्याला बोलायचे कसे, हा संकोच सर्वांना असतो. आपण देणारे आहोत ही जाणीव मग माणसात मुरत जाते आणि देणारा नकळत मालक होऊन बसतो. अनेक चांगल्या संस्था वाईट माणसांनी नव्हे, तर अशा दात्यांनी बुडवल्या आहेत. केसरीनाथ नानांनी यातले काही वाचलेले नव्हते. परंतु आपण ज्या खुर्चीवर बसतो ती आपल्याच जमिनीवर ठेवलेली आहे, याची धास्ती त्यांना कायम होती.

नाना मॅट्रिक झालेले. भाताची गिरणी त्यांनी अनेक वर्षे चालवली आणि ती बंद झाल्यावर वाचनालयाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मंडळातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात बसायचे, हा दंडक त्यांचा. बसायचे ते ग्रंथपालाच्या टेबलाशी नाही, वाचकांच्या बाकावर. "टेबलाशी बसला की मानूस हुकूम करतो," ते म्हणत, "बाकावर बसला की त्याला पंखा कुठं लागत न्हाय ते कळतं." पुस्तकखरेदीच्या बैठकीत त्यांचा एकच प्रश्न असे: "वाचनार कोन? नाव सांगा." तपासणीत छाप पडावी म्हणून एकदा जाडजूड ग्रंथांचा संच घ्यायचे ठरत होते. एकालाही वाचकाचे नाव सांगता येईना, तेव्हा संच रद्द झाला आणि त्याऐवजी स्पर्धा परीक्षांची आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमाची पुस्तके आली. त्यांच्या वाचकांची नावे सांगता येत होती.

आणि एक दंडक स्वतःपुरता होता. आपल्याशी किंवा आपल्या घराशी संबंध असलेला विषय बैठकीत निघाला की नाना उठत, चपला घालत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसत. बोलावणे येईपर्यंत आत यायचे नाही. ओट्यावर आतले सगळे ऐकू येई, ही गोष्ट वेगळी.

वाचनकक्षाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातले शेलार डोळ्यांसमोर आणले पाहिजे. भारनियमन तासन्‌तास चाले. वीज असली की घरात उजेड असे, पण भिंतीपलीकडचे लूम धडधडत. वीज गेली की शांतता पसरे, पण अक्षर दिसेना. शांतता आणि उजेड या दोन गोष्टी एकाच वेळी मिळतील अशी जागा गावात एकच होती. मंडळाने वर्गणी काढून वाचनकक्षात बॅटरीवरचे दिवे बसवले होते आणि शेजारच्या दोन मागवाल्यांना सांगून त्यांच्या वाचनालयाकडच्या खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या होत्या. परीक्षांच्या दिवसांत गावातली मुले तिथे दाटीने बसत. त्यांत पाटलांच्या सुना असत तशा मागावर काम करणाऱ्या अन्सारींच्या मुलीही असत. म्हणूनच मंडळाचा ठराव होता की कक्ष लग्नकार्याला कोणालाही द्यायचा नाही. ठराव नानांनीच मांडला होता, आणि मंडळाचे सदस्य बाळाराम तरे यांना, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या वेळी, नानांनीच तो वाचून दाखवला होता.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये धोंडूबाई भावाच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्याबद्दल एवढे सांगितले पाहिजे की वडील अकाली गेले तेव्हा नाना लहान होते. शेती सांभाळायला माणूस हवा म्हणून तिचे पती नामा सासुरवाडीलाच राहिले आणि भावाला तिने आपल्या मुलांच्या आधी वाढवले. आता तिच्या धाकट्या मुलाचे, हितेशचे, लग्न ठरले होते.

"केसरी, हितेसची हलद खल्यावर लावायची हाय."

"बाय, तिथं आता खला न्हाय. वाचनालय हाय."

"वर काय बांदलाव तो तुमचा. खाली खलाच हाय. माजी हलद तिथं लागली, तुजी लागली. शेवटच्या पोराची काय भाड्याच्या हॉलात लावू?"

"लग्नाला द्यायचा न्हाय असा ठराव हाय."

"कोनी केला?"

"मंडळानं."

"मंडळाचा अध्यक्ष कोन?"

"मीच."

"मंग?"

"अर्ज दे. मंडळापुढं ठेवतो."

"अर्ज!" धोंडूबाईने अंगणातल्या बायकांकडे पाहिले. "ऐकला काय गं? केसरी, मी तुना कडेवर घेऊन हिंडली, तवा काय तुजेकडून अर्ज घेतला व्हता?"

अर्ज मात्र आला, हळदीसाठी आणि लग्नासाठीही. हितेशने लिहिला, आईने अंगठा उठवला. पुढच्या बैठकीत ग्रंथपाल विनिता म्हात्रे यांनी तो वाचायला घेतला तसे नाना उठले, चपला घातल्या आणि ओट्यावर जाऊन बसले.

विरोध होईल तर तो बाळारामांचा, अशी सर्वांची अटकळ होती. बाळाराम उभे राहिले. "नानांनी मला नाही म्हटलं, तवा मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "पन जागा दिली कोनी? यांनी. तिच्या बदल्यात आपन त्यांना काय दिलं? एक नारळ. धोंडूआत्या मागत्ये ती आपल्या बापाच्या खळ्यावर पोराची हळद. आपल्या मंडळाचा हा आहेर समजा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आहेर हा शब्द निघाल्यावर आगरी माणसाला हात आखडता येत नाही.

विनिताबाईंना मताचा अधिकार नव्हता, पण बोलायला मनाई नव्हती. "मांडव, हळद, लग्न, तीन दिवस कक्ष बंद राहील," त्या म्हणाल्या. "पेपर तेव्हाच आहेत. मुलं बसतील कुठं?"

"तीन दिवसांनी कोन नापास होतंय, मॅडम?" एका सदस्याने विचारले.

ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला.

"नाना खोकतायत," कोणीतरी म्हणाले.

"खोकू देत. बाहेर हायत ते."

एकमताने ठराव झाला. नानांना आत बोलावले आणि बाळारामांनी हसत हसत निकाल सांगितला. नाना उभेच राहिले.

"हे तुम्ही काय केलंत?"

"तुमच्यासाठी केलं, नाना."

"त्येच तर चुकलं."

मंडळी निघून गेल्यावर विनिताबाईंनी सुचवले, "तुम्ही अध्यक्ष आहात. ठराव फेरविचाराला ठेवा, अंमलबजावणी थांबवा."

"मंडळानं केलेला ठराव मला पटला न्हाय म्हणून मी थांबवायचा?" नाना म्हणाले. "मंग तो खळा पुन्हा माझाच झाला की, बाई."

हा माणूस कोणत्या पेचात सापडला होता ते येथे नीट समजून घेतले पाहिजे. नियम मोडला होता तो त्याच्यावरच्या प्रेमापोटी. अधिकार वापरून तो नियम सावरणे म्हणजे मंडळ मोडणे, आणि गप्प राहणे म्हणजे बाळारामांना जे नाकारले ते बहिणीला देणे. एकच वाट उरली होती. जिला दिले तिनेच ते घेऊ नये. तसे तिला सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. विनंती तेवढी करता येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बहिणीकडे गेले. ओटीवर बायका हळद कांडत बसल्या होत्या, मुसळ थांबले.

"बाय, खळा नको घेऊस."

"मंडळानं दिला. मंडळ देईल तो खरा, तूच बोललास."

"खरं हाय. म्हणून सांगत न्हाय, मागतोय. अध्यक्ष म्हणून न्हाय आलो."

"मंग कोन म्हणून आलास?"

"भाव म्हणून."

"भाव बहिनीला देतो रं, मागत न्हाय." तिचा आवाज चढला. "जागा घेतलीस, अंगठा घेतलास. आता पोराची हलद पन ने. तिथं पोरं वाचतान, त्यांचा तू मामा हो. माज्या पोराच्या हलदीला येऊ नको."

बायका खाली मान घालून बसल्या. पाटलांच्या घरात पहिली हळद मामाने लावायची असते. मामाचा आहेर वाजतगाजत येतो आणि तो आल्याशिवाय हळदीच्या ताटाला कोणी हात लावत नाही. बहीण हे बोलली याचा अर्थ तिथल्या प्रत्येकीला कळला. नाना घरी परतले. त्यानंतर ते कोणाकडेही रदबदलीला गेले नाहीत. आपल्या पाळीच्या संध्याकाळी मात्र बाकावर येऊन बसले, वर्तमानपत्र उघडले आणि पान उलटायचे विसरले.

त्याच आठवड्यात धोंडूबाई मांडववाल्याला घेऊन जागा दाखवायला आली. दिवेलागणीची वेळ होती आणि वीज नुकतीच गेली होती. माग थांबले होते. गाव काळोखात बुडाले होते. तिने वाचनकक्षाचे दार ढकलले. आत उजेड होता आणि एकही बाक रिकामा नव्हता. खळे कसे दिसायचे ते तिला आठवत होते. ते आता कसे दिसते, हे पाहायला ती उद्घाटनानंतर कधी आली नव्हती.

"हिथं बोहलं," ती मांडववाल्याला सांगू लागली, "आन् चूल तिथं, त्या कपाटाजवल—"

"श्श!" मान वर न करताच एक मुलगी म्हणाली.

मांडववाला घाबरून धोंडूबाईकडे पाहू लागला. शेलारमध्ये धोंडूआत्याला गप्प करणारे माणूस त्याने पाहिले नव्हते. मुलीने मान वर केली, समोर म्हातारी बाई दिसली तशी ती ओशाळली आणि सरकून तिने बाकावर जागा केली. "बैठो नानी," ती हळूच म्हणाली, "खडे मत रहो."

धोंडूबाई बसली. मुलगी पुन्हा वाचू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. थोड्या वेळाने धोंडूबाईने कुजबुजत विचारले, "कसला पेपर हाय?"

"अकाउंट का. परसों."

"घरी का न्हाय वाचत?"

"घर में लूम है, नानी. लाइट आई तो लूम चालू, लाइट गई तो अँधेरा. अब्बू बोले, वहीं बैठ."

विनिताबाई टेबलाशी बसून हे पाहत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने वीज आली, गावभर लूम सुरू झाले आणि बुजवलेल्या खिडक्यांतून त्यांची धडधड पुसट ऐकू येऊ लागली. धोंडूबाई उठली. मांडववाला हातातली टेप उलगडू लागला.

"ती गुंडाल," ती म्हणाली. दारापाशी थांबून विनिताबाईंना म्हणाली, "माज्याच खल्यावर मना गप करतान पोरी! सांग तुमच्या मंडळाला, नको आमाला त्यांचा आहेर."

"नानांना सांगू?"

"त्याला काय सांगायचं ते मी बघीन."

परंतु तिने काहीच सांगितले नाही. मांडव जवळच्याच पूर्णा गावात घातल्याचे नानांना लोकांकडून कळले. मेहुणे नामा यांचे ते मूळ गाव. त्यांच्या वाट्याच्या जमिनीवर आता गोदामे होती आणि त्यांतला एक गाळा भाडेकरू गेल्याने रिकामा होता. येऊ नको म्हटलेले बोलणे मात्र मागे घेतले गेले नव्हते. न बोलावता जावे तर बहिणीचा शब्द मोडतो. न जावे तर भाचा मामाविना हळदीला बसतो. हळदीच्या संध्याकाळी नानांनी पांढरा सदरा घातला, आहेराची परडी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि निघाले. वाजवायला बेंजोवाले त्यांनी बोलावले नव्हते. मान मागायला आलो असे दिसू नये, एवढाच त्यामागचा विचार.

गाळ्याच्या उंच लोखंडी शटरखाली माणसांची दाटी होती. नाना दिसताच ती दुभंगली. बाळाराम तिथे होते. ते पुढे होऊन परडीला हात लावणार तोच धोंडूबाई आतून आली, आणि ते मागे सरले.

"नको बोलली व्हती ना मी?"

"व्हय."

"तरी आलास."

"आलो. आत घेतलं न्हाईस तर हिथं बसतो. आहेर तेवढा घे."

धोंडूबाईने परडी उतरवून घेतली. त्याच्या डोक्यावरची चुंबळ सरकली होती ती काढून तिने बाजूला टाकली.

"राग गेला काय, बाय?"

"न्हाय गेला. र्‍हाईल तो माजेजवल." ती वळली, आणि तो मागून येत नाही असे पाहून पुन्हा थांबली. "चल ना. दुपारपासून पोरगा पाटावर बसलाय, हलदीचा ताट झाकून ठेवलाय मी. कोनाला हात लावून दिला न्हाय."

नाना शटरखालून वाकून आत गेले.